मध्येच खाली बसणारा इंधनकाटा : जुन्या गाडीवरचा माझा अनुभव

इंधनकाटा पूर्ण बंद पडला असता, तर मला त्याचा इतका राग आला नसता. बंद काट्यावर कोणी विसंबत नाही. माणूस टाकी फुल करतो, ट्रिप मीटर शून्यावर आणतो आणि किलोमीटर मोजत राहतो. मी घेतलेल्या वापरलेल्या गाडीचा काटा मात्र टाकी भरल्यावर अगदी बरोबर वर जाई, निम्म्यापर्यंत नेमाने उतरे आणि निम्मा ओलांडला की अचानक तळाला जाऊन बसे. एखादा खड्डा आला की पुन्हा वर येई, थोडा वेळ थांबे आणि परत खाली जाई. टाकीत पावाहून कमी इंधन उरले की त्याचे वागणे पुन्हा सुधारत असे. आधीच्या मालकांनी गाडी ताब्यात देताना "त्याची सवय होते" एवढेच सांगितले होते. त्यांना ती झाली असेल, मला झाली नाही.

सवय करून न घेण्यामागे केवळ हट्ट नव्हता. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत इंधनाचा पंप बहुधा टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. त्यामुळे टाकी वारंवार कोरडी होण्याच्या बेतापर्यंत नेली, तर पंपाचे आयुष्य घटते. शिवाय ज्याला त्याला विचारले, त्याने उत्तर एकच दिले : "सेंडर बदला." सेंडर म्हणजे टाकीतली पातळी मोजणारा भाग. माझ्या गाडीसाठी तो सुटा मिळत नव्हता. पंप, जाळी आणि सेंडर अशी अख्खी असेंब्लीच घ्यावी लागणार होती. पंप उत्तम चालत असताना तो बदलायचा, आणि तोही नेमके काय बिघडले आहे हे कोणी न सांगता, हे मला पटेना. म्हणून ही दुरुस्ती घरीच करायची असे मी ठरवले.

यंत्रणा मुळात साधी आहे. इंधनावर तरंगणारा फ्लोट एका तारेच्या दांडीच्या टोकाला असतो. पातळी बदलली की दांडी फिरते, तिच्याबरोबर एक पातळ धातूचा सरकता संपर्क रोधाच्या, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडथळा करणाऱ्या, पट्टीवर पुढेमागे होतो आणि त्या रोधानुसार मीटरमधला काटा हलतो. माझ्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत रिकाम्या टाकीला सुमारे ११० ओहम आणि भरलेल्या टाकीला सुमारे ३ ओहम असे आकडे होते. हे आकडे सगळीकडे सारखे नसतात. जुन्या अमेरिकी पद्धतीत रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३ ओहम असतात, जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत रिकाम्याला ० आणि भरलेल्याला ९०, तर युरोपीय पद्धतीत रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० ओहम. शेवटच्या दोन पद्धतींत दिशाच उलटी आहे हे लक्षात घ्यावे. आपल्या गाडीची दिशा कोणती, हे कळल्याशिवाय पुढच्या कोणत्याही मोजणीला अर्थ नाही. माझ्या गाडीत रोध वाढला की काटा खाली जातो; म्हणजे तार तुटली किंवा संपर्क सुटला, तर रोध अनंत होऊन काटा थेट तळाला जाणार. खड्ड्याने वर येणारा आणि पुन्हा खाली बसणारा काटा हे संपर्क तुटत असल्याचे लक्षण आहे, इतका तर्क टाकी उघडण्याआधी घरबसल्या करता आला.

फ्यूज, मीटरमागची जोडणी आणि तापमानाचा काटा यांत काही दोष निघाला नाही. मागच्या सीटखाली सेंडरचा कनेक्टर हाती येतो. तो काढून सेंडरच्या जागी मी ५ वॅटचे वेगवेगळे रोध आळीपाळीने जोडले. १० ओहमला काटा जवळजवळ फुलवर, ४७ ओहमला निम्म्याच्या आसपास आणि १०० ओहमला तळाजवळ स्थिर राहिला. काटा व तेथपर्यंतची तार निर्दोष ठरली. अनेक मेकॅनिक या जागी तार सरळ अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, टेकवून पाहतात. जुन्या काट्यावर ते क्षणभर चालते, परंतु तार जास्त वेळ टेकवून ठेवली तर काट्याची गुंडाळी तापते, आणि ज्या गाड्यांत सेंडरची तार आधी इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे जाते, त्यांत हा प्रयोग अजिबात करू नये. त्या गाड्यांना निदानयंत्र जोडल्यास पी ०४६० ते पी ०४६३ या गटातला कोड सापडू शकतो. त्यातला पी ०४६१ हा पातळीचा संकेत अपेक्षेप्रमाणे बदलत नसल्याचे सांगतो आणि पी ०४६२ व पी ०४६३ अनुक्रमे संकेत फार कमी व फार जास्त असल्याचे.

टाकी उघडण्याचे काम मोकळ्या हवेत, पाव टाकीहून कमी इंधन असताना आणि बॅटरीची ऋण तार काढून केले. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवल्याने नळीतला दाब उतरला होता. पेट्रोलच्या बाबतीत भिऊन राहणे हेच शहाणपणाचे आहे : ते शून्याखाली सुमारे ४३ अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की एक ठिणगी पुरते. म्हणून झाकणाभोवतीची धूळ मी ब्रशने काढली, व्हॅक्यूम क्लीनर जवळ आणला नाही, कारण त्याच्या मोटरमध्येच ठिणग्या उडतात. झाकणावरची लॉक रिंग गंजलेली होती. ती लाकडी ठोकळ्याने आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी फिरवली. पितळी पहार चालते, पोलादी चालत नाही. अग्निशामक हाताशी ठेवला होता आणि तो लागला नाही, याचा आनंद आहे.

सेंडर बाहेर काढून, पुसून, टाकीचे तोंड झाकून टाकीपासून लांब टेबलावर ठेवला आणि त्यानंतर माझा संयम संपू लागला. मल्टिमीटर (रोध आणि व्होल्ट मोजणारे उपकरण) लावला, फ्लोट खाली धरला : १०९ ओहम. वर धरला : ३ च्या किंचित वर. आकडे पुस्तिकेशी जुळत होते. दांडी हाताने वर-खाली फिरवली तर आकडे सुरळीत बदलत होते. पुन्हा फिरवली, सावकाश फिरवली, झटक्यात फिरवली, निकाल तोच. जो भाग गाडीत रोज दगा देत होता, तो टेबलावर निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र मिळवून बसला होता. गाडीत बसवला असता तर पुन्हा तेच झाले असते, आणि नवी असेंब्ली आणली असती तरी दोष येथेच होता की नाही, हे कधीच कळले नसते. ज्या सर्वांनी "बदला" असे सांगितले होते, त्यांच्यापैकी एकानेही "मोजून पाहा" असे का म्हटले नाही, याचा राग तेव्हा आला आणि अजूनही पुरता गेलेला नाही.

पहिली शंका मल्टिमीटरवर आली. स्वस्त डिजिटल मल्टिमीटर आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो आणि त्याची श्रेणी आपोआप निवडली जाणारी असेल, तर त्यातही वेळ घालवतो. एवढ्या अवधीत संपर्क क्षणभर सुटून पुन्हा जुळला, तर मीटरला तो दिसत नाही. म्हणून आधी श्रेणी २०० ओहमवर पक्की केली आणि प्रोब एकमेकांना टेकवून तारांचा स्वतःचा रोध नोंदवला, कारण ३ ओहम मोजायचे असताना अर्धा ओहमसुद्धा फरक पाडतो. मग एका परिचितांकडून जुना काट्याचा मल्टिमीटर मागून आणला. रोध बदलताना त्याचा काटा अखंड सरकतो. मध्ये संपर्क तुटला तर तो उसळी घेतो, आणि उसळी डोळ्यांतून सुटत नाही. या कामासाठी काट्याचा मीटर डिजिटलपेक्षा चांगला, असे माझे ठाम मत आहे, आणि जुना म्हणून तो कोणी टाकून देऊ नये.

काट्याच्या मीटरवर उसळी दिसली, परंतु ती कधी दिसे, कधी नाही. आणि नेमकी कोठे, हे ठरवायला गेलो की ती नाहीशी होई. मी सेंडर शिकंज्यात टाकीत असतो त्याच उभ्या स्थितीत धरला, मागे जाड कागद लावला आणि दांडीच्या टोकाच्या मार्गावर समान अंतराने खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर थांबून रोध लिहून काढला. कागदावर निघालेली रेषा इतकी गुळगुळीत होती की ती पाहून वैतागच आला. याच टप्प्यावर मी उठून नवी असेंब्ली मागवण्याच्या बेतात होतो.

दांडी धरणाऱ्या माझ्या बोटांकडे लक्ष गेले, ते या वैतागातच. दांडीच्या सांध्याला वापरामुळे किंचित ढिलेपणा आला होता. मी बोटाने दांडी धरून फिरवताना तिला नकळत आतल्या बाजूला दाबत होतो, आणि त्या दाबाने सरकता संपर्क पट्टीवर घट्ट बसत होता. टाकीत फ्लोटला बोटे नसतात. तेथे दांडीवर काम करते ती केवळ इंधनाची उद्धरणशक्ती आणि दांडीचे स्वतःचे वजन. मोजणारा हातच दोष झाकत होता, असे म्हणावे लागेल. मी फ्लोटला दोरा बांधला, तो वरून ओढून दांडी सावकाश वर घेतली आणि दोरा ढिला करत खाली सोडली. ४५ ओहमच्या पुढे काटा कोसळला आणि साधारण ७० ओहमच्या अलीकडे पुन्हा जागेवर आला. दोरा पुन्हा ओढला, पुन्हा तेच. दोन्ही टोकांना मात्र काही गडबड नव्हती.

सांगायचे तर एवढेच मुख्य आहे : दांडीला हात न लावता, दोऱ्याने हलवून मोजावे. या एका वाक्यासाठी मी किती माहिती धुंडाळली होती, हे आठवले की आजही चिडचिड होते. सर्वत्र दोन्ही टोकांचे आकडे तपासायला सांगतात, आणि टोके सहसा शाबूतच असतात. बिघाड होतो तो मध्ये, कारण गाड्या सर्वाधिक काळ याच पातळीत फिरतात आणि हिंदकळणाऱ्या इंधनामुळे संपर्क त्याच थोड्या जागेत दिवसभर घासत राहतो.

आवरण काढल्यावर डोळ्यांनाही ते दिसले. सेंडर दोन प्रकारचे असतात. जुन्यांत रोधाची बारीक तार एका पट्टीवर गुंडाळलेली असते. तीत एखादा वेढा तुटला, तर दुरुस्ती जवळजवळ अशक्य. माझा दुसऱ्या प्रकारचा होता : सिरॅमिकच्या चकतीवर छापलेला रोधाचा थर आणि त्याला जोडलेले चांदीमिश्रित धातूचे छोटे पट्टे, ज्यांवरून संपर्काची दोन बोटे सरकतात. मधल्या पट्ट्यांवर काळसर डाग पडला होता आणि मधोमध घासून एक चर तयार झाली होती. चांदी इंधनातल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते. घरातल्या चांदीच्या भांड्याला येतो तसाच तो थर, आणि तो वीज नीट वाहू देत नाही. त्या खालचा रोधाचा थर मात्र अखंड होता. म्हणजे ज्या भागामुळे अख्खी असेंब्ली बदलायची होती, त्यातले बिघडले होते ते नखाएवढ्या जागेवरचे काळे.

येथे हाताला आवर घालावा लागतो. सँडपेपर, फाईल, तारेचा ब्रश यांपैकी काहीही वापरू नये, कारण हे पट्टे अतिशय पातळ असतात. मी कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आधी चिकटा काढला, मग मऊ पेन्सिल-खोडरबराने पट्टे हलके घासले आणि खोडरबराचा चुरा पुन्हा अल्कोहोलने धुतला. काळे गेले, पण चर तशीच राहिली. ती जाण्यासारखी नव्हती. म्हणून संपर्काची बोटे बारीक चिमट्याने मिलिमीटरच्या अंशाइतकी बाजूला वळवली, म्हणजे ती चरीशेजारच्या न झिजलेल्या जागेवरून सरकतील, आणि त्यांचा ताण अगदी किंचित वाढवला. ताण जास्त झाला तर नवी जागाही लवकर झिजते आणि दांडी अडखळते. फ्लोट स्वतःच्या वजनाने न अडता पडायला हवा. नंतर दोऱ्याने पुन्हा मोजले. काटा वरपासून खालपर्यंत एकदाही उसळला नाही. मी तो खेळ गरजेपेक्षा बराच जास्त वेळ करत बसलो, हेही नमूद करतो, कारण त्यात निव्वळ समाधान होते.

फ्लोट हाती आहे तोवर तोही पाहून घ्यावा. माझा भरीव फेसाळ प्लास्टिकचा होता, त्याला तडा नव्हता. पोकळ पितळी फ्लोट असेल, तर तो कानाजवळ हलवून आत इंधनाचा आवाज येतो का ते ऐकावे आणि कोमट पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहावे. आत पेट्रोल शिरलेल्या फ्लोटला सोल्डरिंग करण्याचा विचारही करू नये. असा फ्लोट बुडत जातो आणि काटा कायम कमी दाखवतो. तो मध्येच कोसळणारा दोष नव्हे. तसेच काही गाड्यांच्या टाकीला, मधून शाफ्ट जात असल्यामुळे, दोन कप्पे आणि दोन सेंडर असतात. तेथे एकाचाच दोष असला तरी काटा अर्धवट चुकतो, म्हणून दोन्ही मोजावेत.

हे आधीच लिहायला हवे होते : सेंडर टाकीतून काढताना आणि घालताना दांडी झाकणाच्या कडेला अडकते. जोर न लावता तिरपा करून फिरवत काढावा, कारण दांडी थोडी वाकली तरी काटा संपूर्ण पट्टीभर चुकतो. आणि काढण्यापूर्वी झाकणावर व टाकीवर जुळणारी खूण करून ठेवावी, नाहीतर बसवताना फ्लोट टाकीच्या भिंतीवर घासेल अशा दिशेने बसू शकतो.

बसवण्याचे काम सरळ झाले. झाकणाखालचे रबरी वायसर बाहेर काढल्यावर फुगून खाचेपेक्षा मोठे झाले होते. ते पुन्हा दाबून बसवण्याऐवजी नवीन घेतले. गळती थांबवण्यासाठी साधे सिलिकॉन लावण्याची पद्धत दिसते, पण पेट्रोलमध्ये ते फुगून सुटते आणि त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत जातात. बॅटरी जोडून सेंडरची अर्थ तपासली : इग्निशन चालू असताना सेंडरचे अर्थ टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा कमी फरक असायला हवा. तो तसा होता. जास्त आला असता, तर गाडीच्या सांगाड्याला लावलेला अर्थचा स्क्रू काढून त्याखालचा रंग व गंज खरवडला असता. काटा सातत्याने कमी-जास्त दाखवत असेल, तर टाकी उघडण्याआधीच हे मोजावे. त्यात फक्त एक मिनिट जाते. इंजिन सुरू करण्याआधी इग्निशन काही वेळा चालू-बंद करून दाब भरू दिला आणि झाकणाभोवती ओल किंवा वास नाही, हे पाहूनच सीट बसवली.

राहिला तो काट्याचा खरेपणा. गाडी सपाट जागेवर उभी करून मी मापाने पाच-पाच लिटर पेट्रोल ओतले, प्रत्येक वेळी इग्निशन बंद ठेवून ओतले, आणि चालू केल्यावर काटा स्थिर होईपर्यंत थांबलो. हे थांबणे आवश्यक असते, कारण हिंदकळण्याने काटा नाचू नये म्हणून त्याला मुद्दाम संथ ठेवलेले असते. काही गाड्यांत तर इग्निशन चालू ठेवून भरल्यास काटा बराच वेळ वर जातच नाही. माझ्या टाकीचा आकार तळाशी निमुळता असल्याने निम्म्या काट्याला निम्मे लिटर नसतात, हेही तेव्हा कळले : वरच्या अर्ध्यात जास्त, खालच्या अर्ध्यात कमी. ते आकडे मी एका कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवले आहेत. त्यानंतर टाकी पुष्कळदा भरली आणि रिकामी झाली. काटा निम्म्याखाली सरकत सरकत जातो, वाटेत कोठेही पडत नाही. ट्रिप मीटर मी अजूनही शून्यावर आणतो, पण आता केवळ सरासरी काढण्यासाठी.